जीव लागला तर द्यायचं कसं?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये मांजराची तीन पिल्लं आहेत. डोळे उघडलेत, पण चालताना पाय फाकतात. परवापासून आई दिसलेली नाही. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "काकू, आमच्याकडे जागाच नाही. सहा आठवडे तुम्ही फॉस्टर कराल का, म्हणजे तात्पुरती घरी सांभाळाल का? घरं आम्ही शोधतो." लेक पुण्याला शिकायला गेल्यापासून तिची खोली रिकामी आहे. पण आम्ही कधी मांजर पाळलेलं नाही. शिवाय हे म्हणतात, सहा आठवड्यांनी तू ती कुणाला देणारच नाहीस. काय करू?
— एक वाचक, कळवा

उत्तर : पत्र मिळाल्या मिळाल्या मी तुम्हाला फोन केला, कारण अंक छापून येईपर्यंत थांबायला त्या पिल्लांकडे वेळ नव्हता. पण पावसाळा जवळ आला की हाच प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून इथे सगळ्यांसाठी लिहिते.

आधी आई खरंच गेली आहे का, ते बघायचं. भाटी खाण्याच्या शोधात तासन्‌तास बाहेर असते, आणि भोवती माणसं जमली की परत यायला घाबरते. पिल्लांभोवती गव्हाच्या पिठाची पातळ रेघ ओढायची आणि लांब व्हायचं. रेघेत पावलं उमटली, पिल्लांची पोटं गच्च असली, तर आई येऊन जाते आहे. मग पिल्लं हलवू नका, जवळपास तिला खायला ठेवा. तुमच्याकडे रात्रभर रेघ तशीच राहिली आणि पिल्लं सारखी ओरडत होती, म्हणूनच उचला म्हटलं.

उचलल्यावर आपला हात आधी दुधाकडे जातो. तसं करू नका. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. बाटलीत गरम पाणी भरून ती जुन्या साडीत गुंडाळा, खोक्यात एका बाजूला ठेवा, आणि अंगात ऊब आल्यावरच पाजा. पिशवीतलं दूध नको, त्याने जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाचं पाणी एका दिवसात कमी होतं. मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची वेगळी पावडर मिळते, तीच आणा. बाळासारखं उताणं धरून पाजू नका, दूध फुप्फुसात जातं. पालथं, पोटावर ठेवायचं, मान किंचित वर. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा शेपटीखाली हळूहळू फिरवायचा. आई जिभेने हेच करते. साधारण तीन आठवड्यांपर्यंत त्यांना त्याशिवाय शी-शू करता येत नाही.

माझ्या ओट्यावर एक वजनकाटा फक्त पिल्लांसाठी आहे. त्यावर स्टीलची वाटी ठेवायची, वाटीत रुमाल, रुमालात पिल्लू. ते वाटीच्या कडेला पुढचे दोन पाय लावून उभं राहायला बघतं आणि आकडा हलत राहतो. ते दमून बसलं की वहीत लिहायचं. रोज 10-15 ग्रॅम वाढ हवी. वजन घटलं तर ती वही घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता तुमच्या यजमानांची शंका. ती खोटी नाही. नौपाड्यातल्या माझ्या घरातून पहिलं पिल्लू गेलं, तेव्हा परत येताना रिक्षात मी रडत होते. जीव लागणारच, आणि तो लागायलाच हवा, कारण पिल्लांना चांगलं घर मिळतं ते त्यामुळेच. शेल्टरच्या पिंजऱ्यात शेजारी दहा कुत्री भुंकत असताना मांजर कोपऱ्यात अंग चोरून बसतं. बघायला आलेल्या माणसाला ते माणूसघाणं वाटतं. घरात त्याचा खरा स्वभाव कळतो. शिवाय दोन ते सात आठवड्यांच्या वयात ज्या माणसांचा हात त्याच्यावर फिरतो, त्यांच्यामुळे ते पुढे माणसांत निर्धास्त राहतं.

माझ्याकडे एक काळा बोका होता. दिवसभर झोपायचा, कुकरची शिट्टी झाली की फ्रिजमागे दडायचा आणि रात्री दोनला पांघरुणावर झडप घालायचा. मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तान्हं बाळ असलेल्या एका जोडप्याने विचार बदलला. बरंच झालं, नाहीतर महिन्याभरात तो परत आला असता. ऐरोलीच्या एका मुलाची नोकरी रात्रपाळीची होती, तीही घरून. त्याने नेला. हा स्वभाव फोटोत दिसला नसता. तो मला माहीत होता, कारण माझी झोप त्याने मोडली होती.

देताना भावनेच्या भरात घाई नको. नऊ वर्षांपूर्वी मी खिडक्या न बघता एक पिल्लू दिलं. चौथ्या मजल्यावरून पडून ते गेलं. चूक माझी होती. तेव्हापासून घर बघितल्याशिवाय देत नाही. ग्रिल पुरत नाही, पिल्लाचं डोकं त्यातून सहज जातं, जाळी हवी. आठ आठवड्यांच्या आत देऊ नका. पहिली लस त्याच सुमाराला होते, नसबंदी कधी करायची ते नेणाऱ्यांकडून आधीच कबूल करून घ्या. दोन भावंडं एकत्र नेणारं कुणी भेटलं तर फारच छान.

एखादं ठेवावंसं वाटलं तर जरूर ठेवा. फक्त तिन्ही ठेवलीत, तर पुढच्या पावसात ती मुलगी फोन करेल तेव्हा लेकीची खोली रिकामी नसेल, एवढा विचार करा.

प्रश्न : आमच्या गेटला कुणीतरी चार-पाच वर्षांचा लॅब्रेडॉर बांधून गेलं. तो सध्या माझ्याकडे आहे. सगळ्यांना पिल्लूच हवंय. शिवाय कमिटी म्हणते, सोसायटीत कुत्रा चालणार नाही.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : कमिटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, ठराव करूनही नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. त्यांना ते पत्रक दाखवा आणि जिन्यात घाण होणार नाही हे तुम्ही बघा. प्राणी असा सोडून देणं हा प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा पोलिसांत लेखी कळवा. डॉक्टरांकडून मायक्रोचिप (मालकाची ओळख पटवणारी, कातडीखाली बसवलेली बारीक चिप) आहे का तेही तपासून घ्या. कदाचित तो चोरीला गेलेला असेल आणि कुणीतरी त्याला शोधत असेल.

मालक सापडला नाही, तर पंधरा दिवस घरं शोधूच नका. आधी त्याला झोपू द्या. तो लिफ्टमध्ये कसा वागतो, मुलांनी कान ओढला तर काय करतो, एकटा राहिला तर रडतो का, हे टिपून ठेवा. पिल्लू घेणाऱ्याला यातलं काहीच आधी कळत नसतं. वयस्क जोडप्यांना विचारा. त्यांना शू शिकवायची नसते, चपला चावणारं नको असतं, आणि संध्याकाळी सोबत फिरायला कुणीतरी हवं असतं. टिपणं तयार झाली की मला पाठवा, सोबत तो झोपलेला असतानाचा फोटोही.