जुन्या पिकअपचे बॉल जॉइंट काढताना कोणते हत्यार निवडावे?

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे 1995 सालची शेव्हरोले सी-1500 ही मागच्या चाकांवर चालणारी पिकअप आहे. अलाइनमेंटसाठी गाडी नेली असता पुढच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या बॉल जॉइंटमध्ये (चाकाला आधार देणाऱ्या गोलाकार सांध्यांमध्ये) प्ले म्हणजे ढिलेपणा आल्याचे सांगून दुकानदाराने काम करण्यास नकार दिला. वरचे जॉइंट बहुधा गाडीबरोबर आलेलेच आहेत. हे काम घरच्या गॅरेजमध्ये स्वतः करावे असे मनात आहे. दुकानात ठोकण्याचा काटा, स्क्रूचा पुलर, सी आकाराचा प्रेस आणि 12 टनी हायड्रॉलिक प्रेस असे चार पर्याय दाखवले गेले. यांपैकी काय घ्यावे, आणि ते विकत घ्यावे की उसने आणावे?

उत्तर : आपल्याला दाखवलेली चारही हत्यारे एकाच कामाची नाहीत, आणि निवडीतला बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. बॉल जॉइंट बदलणे म्हणजे दोन वेगळी कामे असतात. पहिले काम जॉइंटचा निमुळता दांडा नकलमधून (चाक ज्यावर बसते त्या जाड भागातून) सोडवण्याचे, आणि दुसरे जॉइंटचे धड आर्ममधून (नकलला चॅसीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणाऱ्या हातातून) बाहेर काढण्याचे. काटा आणि स्क्रूचा पुलर फक्त पहिल्या कामाचे आहेत. दोन्ही प्रेस दुसऱ्या कामाचे. दुसऱ्या कामाला कोणते हत्यार लागेल हे जॉइंट आर्मला कसा बसवला आहे यावर ठरते, आणि आपल्या गाडीत वरचा व खालचा जॉइंट दोन निरनिराळ्या पद्धतींनी बसवलेले आहेत. 1988 ते 1998 या काळातील सी-1500 मध्ये खालचा जॉइंट आर्मच्या भोकात दाबून बसवलेला असतो, तर कारखान्यातून आलेला वरचा जॉइंट रिव्हेटने जखडलेला असतो. त्यामुळे खरेदीला निघण्यापूर्वी चाक काढून, तारेच्या ब्रशने गंज साफ करून, रिव्हेटची गोल डोकी दिसतात की आधीच्या कोणी बदललेल्या जॉइंटचे नट-बोल्ट दिसतात, हे पाहून घ्यावे. बोल्ट दिसले तर वरच्या जॉइंटसाठी पान्यांखेरीज काहीही लागत नाही.

दांडा सोडवण्यासाठी काटा सगळ्यांत स्वस्त आणि वेगवान आहे, मात्र तो जॉइंटवरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, हमखास फाडतो. जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तर याने काही बिघडत नाही. पण खालचा जॉइंट काढताना वरच्या जॉइंटचा किंवा टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याचा) बूट फाटला, तर चांगला भाग विनाकारण बदलावा लागतो. माझे मत पुलरच्या बाजूने आहे. पुलरचा स्क्रू घट्ट ताणून ठेवावा आणि मग नकलच्या ज्या जाड भागात दांडा बसलेला असतो, त्या भागावर बाजूने हातोड्याचे दोन-तीन खणखणीत घाव घालावेत. निमुळती पकड बहुतेक वेळा त्या धक्क्याने सुटते. हे करताना नट पूर्ण काढू नये, दोन-चार आट्यांवर ठेवावा. पकड सुटते तेव्हा स्प्रिंगच्या दाबाने आर्म झटक्याने खाली येऊ पाहतो, आणि त्याला अडवणारा तोच एक नट असतो.

हा स्प्रिंगचा मुद्दा हत्याराच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचा आहे. आपल्या गाडीत कॉइल स्प्रिंग खालचा आर्म आणि चॅसी यांच्यामध्ये दाबून बसवलेली आहे. चॅसी भक्कम स्टँडवर ठेवून, खालच्या आर्मला स्प्रिंगच्या बैठकीखाली जॅकचा आधार द्यावा, आणि दांडा सुटल्यानंतर काम संपेपर्यंत तो जॅक हलवू नये. स्प्रिंगमधून एक साखळी ओवून चॅसीला बांधून ठेवावी. ब्रेकचे कॅलिपर तारेने वर टांगावे, नळीवर लोंबकळू देऊ नये.

याच कारणासाठी हायड्रॉलिक प्रेस घेण्याचा सल्ला मी देणार नाही. तो ताकदीने उत्तम आहे, परंतु आर्म त्याच्याकडे न्यावा लागतो; म्हणजे स्प्रिंग उतरवणे, आर्म ज्या बुशवर हलतो त्यांचे बोल्ट काढणे हे सर्व आले, आणि मिशिगनच्या रस्त्यांवरील मिठात जवळजवळ तीन दशके काढलेले ते बोल्ट सहजासहजी हलणार नाहीत. सी आकाराचा प्रेस आर्म गाडीवरच असताना लावता येतो. या प्रकारात घडीव लोखंडाची एक चौकट, एक जाड स्क्रू आणि वेगवेगळ्या मापांच्या नळ्या व टोप्या येतात. प्रेस चांगला की वाईट हे ओळखण्याची जागा म्हणजे त्याचा स्क्रू आणि त्या नळ्या. स्क्रूचे आटे घासलेले नसावेत, तो हाताने शेवटपर्यंत सहज फिरावा, आणि त्याला मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लावलेले असावे. कोरड्या आट्यांवर जोर दिल्यास बरीचशी ताकद घर्षणातच जाते. खाली लावायच्या नळीचे आतले माप जॉइंटच्या धडापेक्षा थोडेसेच मोठे हवे आणि तिची कड आर्मच्या भोकाभोवती सगळीकडून सपाट टेकली पाहिजे. ती एका बाजूला उचललेली राहिली की जॉइंट तिरपा होतो, चौकट पिळते, आणि पुढे कितीही जोर लावला तरी काही सरकत नाही. अशा वेळी दाब सोडून नळी पुन्हा बसवावी.

प्रेस लावण्याआधी जुन्या जॉइंटच्या बुडाशी असलेला ग्रीसचा निपल काढून टाकावा. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. नकल वरच्या आर्मसकट उचलून, वरचा आर्म आणि चॅसी यांच्यात लाकडी ठोकळा घातला की खाली पुरेशी जागा होते. मग जॉइंट वरून खाली दाबून काढायचा. ताण पूर्ण दिल्यावरही तो हलला नाही, तर दाब तसाच ठेवून आर्मच्या भोकाची कड हातोड्याने ठोकावी. त्यानेही न सुटल्यास, सांडलेले तेल व ग्रीस पुसून, त्या कडेला प्रोपेनच्या ज्योतीने ऊब द्यावी. सुटताना बंदुकीसारखा आवाज होतो. चेहरा त्या रेषेत नसावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. नवा जॉइंट बसवताना निपल शेवटी लावावा, नाहीतर प्रेसच्या टोपीखाली तो हमखास तुटतो. नवा जॉइंट ठोकून बसवण्याचा मोह टाळावा.

वरच्या जॉइंटच्या रिव्हेटसाठी प्रेसचा काही उपयोग नाही. तिथे सेंटर पंच, ड्रिल आणि चांगली कोबाल्टची बिटे लागतात. प्रत्येक डोक्याच्या मधोमध पंचाने खूण करून 1/8 इंचाचे भोक सुमारे 1/4 इंच खोल पाडावे, मग 1/2 इंचाच्या बिटाने फक्त डोके कापावे आणि उरलेला रिव्हेट पंचाने ठोकून काढावा. मोठे बिट आर्मच्या पत्र्यात शिरू देऊ नये. भोक मोठे झाले तर नव्या जॉइंटबरोबर येणारे बोल्ट सैल बसतील. बोल्टही त्याच पाकिटातले वापरावेत, घरातल्या डब्यातले नव्हेत.

आता खरेदीचे. ऑटोझोन, ओ'रायली यांसारख्या सुट्या भागांच्या दुकानांत सी प्रेसचा संच अनामत रकमेवर नेता येतो आणि परत केल्यावर ती रक्कम मिळते. एका गाडीच्या कामासाठी तेवढे पुरे आहे. फक्त काउंटरवरच पेटी उघडून स्क्रू आणि सर्व नळ्या तपासून घ्याव्यात. पैसे खर्च करायचेच असतील तर ते पुलर, बिटे आणि टॉर्क पाना यांवर करावेत. नट ठरलेल्या टॉर्कला घट्ट केल्यावर कॉटर पिनचे (नट सुटू नये म्हणून घालायच्या पिनचे) भोक जुळले नाही, तर नट किंचित पुढे आवळावा, मागे कधीही फिरवू नये. त्यानंतर अलाइनमेंटला पर्याय नाही.

प्रश्न : आमच्या सांगली भागात जुन्या पिकअपचा खालचा आर्म खोलून, मेस्त्री घणाने ठोकून बॉल जॉइंट काढतात. यामुळे आर्म खराब होतो का?

उत्तर : काढताना ठोकण्याने फार बिघडत नाही, अट इतकीच की भोकाभोवतीची कड खालून जाड पाइपवर पूर्ण टेकलेली असावी. नुकसान होते ते आर्म दोन विटांवर किंवा व्हाइसच्या जबड्यात अधांतरी धरून घाव घातल्यामुळे. भोक लंबवर्तुळाकार झाले की नवा जॉइंट त्यात घट्ट बसत नाही, आणि मग काही ठिकाणी त्याला वेल्डिंगचे टाके मारले जातात. असा टाका मारलेला जॉइंट स्वीकारू नये, कारण त्या उष्णतेने आतले ग्रीस आणि प्लास्टिकची बैठक जळते. नवा जॉइंट मात्र प्रेसवरच बसवून घ्यावा. बेअरिंग बदलणाऱ्या बहुतेक वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेस असतो, आणि आर्म खोललेलाच असल्याने तो तिथे नेणे अवघड नाही. त्यासाठी लागणारी नळी जाड पाइपच्या तुकड्यापासून करता येते. मात्र तिची दोन्ही तोंडे लेथवर काटकोनात फेस (सपाट) करून घ्यावीत, कारण ग्राइंडरने कापलेले तोंड तिरपे राहते आणि जॉइंटही तिरपाच आत शिरतो.