शर्यतीच्या मोटारीतले इंजिन मूळचेच का?

प्रश्न : इंग्लंडमधील माझ्या भावाने १९५६ सालची ‘लोटस इलेव्हन’ ही शर्यतीची मोटार घेतली आहे. तिच्यातील कव्हेंट्री क्लायमॅक्स इंजिन मूळचेच आहे, हे कसे ताडून पाहावे?

उत्तर : आधी हे ध्यानात घ्यावे की, अग्निशमन पंपाच्या हलक्या इंजिनातून घडलेली ही इंजिने शर्यतींच्या धामधुमीत एका गाडीतून दुसऱ्या गाडीत सहज फिरत, त्यामुळे चासी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन यांची जोडी सुरुवातीपासूनची असेलच असे नाही. शिवाय ‘इलेव्हन’च्या ‘स्पोर्ट’ प्रकारात फोर्डचे ११७२ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन असे. तेव्हा गाडी मुळात क्लायमॅक्स इंजिनाच्या ‘क्लब’ किंवा ‘ल मान’ प्रकारची होती का, हे प्रथम ठरवावे.

त्यानंतर इंजिनाच्या ब्लॉकवरील (मुख्य ओतीव भागावरील) क्रमांक स्वतः वाचावा आणि कारखान्याच्या नोंदी, जुन्या पावत्या व ब्रिटिश नोंदणीपुस्तिका यांच्याशी ताडावा. त्या पुस्तिकेत इंजिन बदलल्याची नोंदही कधीकधी सापडते. मात्र अंक पुन्हा ठोकता येतात, मापे सहसा फसवत नाहीत. ‘इलेव्हन’मधल्या १०९८ सीसीच्या ‘एफडब्ल्यूए’ या क्लायमॅक्स इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२.४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनच्या हालचालीची लांबी) ६६.७ मिमी असतो. स्ट्रोक तोच, पण बोअर ७६.२ मिमी भरला, तर ते ‘लोटस एलीट’मध्ये बसवले जाणारे १२१६ सीसीचे ‘एफडब्ल्यूई’ हे क्लायमॅक्सचेच दुसरे इंजिन असण्याचा संभव अधिक. शर्यतींच्या छापील कार्यक्रमपत्रिकांत क्षमतेनुसार गट दिलेले असतात, तेही पाहावेत. ११०० सीसी गटात धावलेली गाडी पुढे १५०० सीसी गटात दिसली, तर मधल्या काळात इंजिन बदलले गेले असावे.