वीतभर गवत, टिटवीची अंडी आणि जयताळ्याची चिंच

बागकामाच्या या सदरात मागच्या अंकात सहज लिहून गेलो की मी बरीच वर्षं एअरपोर्टांवर गवत कापायच्या कंत्राटात काढली, तर या खेपेला सगळे प्रश्न त्याच्यावरच आलेत, गुलाबाच्या काड्यांबद्दल कोणी विचारायलाच तयार नाही. चला, घेतो एकेक.

प्रश्न : जुलैत नागपूरच्या सोनेगाव एअरपोर्टवरून पुण्याला गेलो. विमान रनवेवर वळलं तेव्हा खिडकीतून पाहतो तर बाजूला हे एवढं गवत! तिकिटात इतके चार्जेस घेता, मग गवत कापायला माणसं नाहीत का? (वाचक, त्रिमूर्ती नगर)

भाऊ, तुम्हाला जे आळस वाटलं ते बरेचदा मुद्दाम ठेवलेलं असतं. बंगल्यापुढच्या लॉनसारखं बारीक गवत टिटवीला आणि बगळ्याला फार आवडतं, कारण तिथं किडा दिसतो, जोडीदार दिसतो, आणि कुत्रा आला तर तोही लांबून दिसतो. तेच गवत 15 ते 20 सेंटीमीटर झालं, म्हणजे आपली वीतभर समजा, की पाखराला आत काही दिसत नाही, पाय अडकतात, मग ते तिथं बसायचंच टाळतं. इंग्लंडमधल्या एअरपोर्टांवर हे वीतभर गवताचं धोरण खूप जुनं आहे. पण वीतभर म्हणजे वीतभरच बरं का, गुडघ्याएवढं नाही. गुडघ्याला लागलं की गवताला दाणे धरतात, दाण्यांवर पारवे आणि मुनिया येतात, खाली उंदीर घुशी होतात, उंदरांमागे घारी येतात, म्हणजे आपणच जेवणाचं ताट वाढून ठेवल्यासारखं. तुम्ही नेमकं किती पाहिलं ते मला माहीत नाही, गुडघ्याएवढं असेल तर तुमची तक्रार बरोबर.

आणि सगळीकडे वीतभर चालत नाही. रनवेच्या कडेचे लाइट, खुणांचे बोर्ड, पापी नावाचे ते लाल-पांढरे दिवे (पायलटला आपण बरोबर उतारावर आहोत का ते सांगणारे) यांच्यापुढे गवत बारीकच पाहिजे, नाहीतर दिवा असून नसल्यासारखा. ग्लाइड पाथच्या (उतरणाऱ्या विमानाला खाली यायची वाट रेडिओ सिग्नलनं दाखवणाऱ्या) अँटेनापुढेही तसंच, त्याचा सिग्नल जमिनीवरून परावर्तित होऊन तयार होतो, तिथं उंच ओलं गवत म्हणजे गडबड.

खरी मेख कापण्याच्या वेळेत आहे. शेतात नांगरामागे बगळे कसे ओळीनं चालतात पाहिलंय ना? ट्रॅक्टरच्या कटरमागे अगदी तेच होतं, कारण नाकतोडे उडतात. एकदा एका ठिकाणी आमच्या मुकादमानं सकाळी दहाला कटर लावला, वीस मिनिटांत पन्नासेक गायबगळे मागे, वर दोन घारी, आणि टॉवरवाला वॉकीटॉकीवर असा भडकला की विचारू नका, विमान उतरायचं थांबवून ठेवलं होतं त्यानं. तेव्हापासून आम्ही फ्लाइट कमी असतील तेव्हा, जास्त करून रात्रीच, टॉवरची परवानगी घेऊन, टपावर पिवळा दिवा लावून काम केलं. कापलेलं गवत उचलायचं, तिथंच टाकायचं नाही. कुजलं की गांडुळं, वाळलं की उडून रनवेवर.

आता आपल्या विदर्भाची स्पेशल डोकेदुखी म्हणजे काळी माती. जुलै-ऑगस्टमध्ये गवत सगळ्यात जोरात वाढतं, आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर घातला की चाकं रुततात, चाकोऱ्या पडतात, त्यात पाणी, पाण्यात बेडकं, बेडकांवर बगळे. शिवाय रनवेशेजारची पट्टी सपाटच पाहिजे, विमान चुकून घसरलं तर चाकोरीत अडकायला नको. म्हणून दोन-तीन दिवसांची उघडीप मिळेपर्यंत हात बांधून बसावं लागतं. मला वाटतं तुम्ही पाहिलं ते त्याच दिवसांतलं असावं.

टिटवीचं एक सांगतो. ती घरटं असं करतच नाही, मुरमात चार खडे सरकवते आणि बहुतेक चार अंडी घालते, रंग अगदी मुरमासारखा, मी स्वतः पाय देता देता वाचलोय. डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की समजायचं, अंडी जवळ आहेत. आता विमान उतरतं ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास, त्या वेगात दोनशे ग्रॅमची टिटवीसुद्धा इंजिनचं पातं वाकवू शकते. मोठं पाखरू असलं तर विचारूच नका, 2009 मध्ये न्यूयॉर्कला मोठ्या रानहंसांचा थवा दोन्ही इंजिनांत गेला आणि विमान हडसन नदीत उतरवावं लागलं, 155 च्या 155 वाचले हे नशीब.

प्रश्न : मग बकऱ्या का नाही सोडत? गवतही खातील, पैसेही वाचतील. (शिवणगाव)

शिकागोच्या ओहेअर एअरपोर्टवर 2013 पासून खरंच बकऱ्या-मेंढ्या सोडल्यात! पण रनवेजवळ नाही, कुंपण घातलेल्या, मशीन जात नाही अशा उताराच्या जागेत. रनवेशेजारी एक बकरी सुटली तर पकडायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

प्रश्न : आमचं घर जयताळ्याला, अंगणात आजोबांनी लावलेली चिंच. उंचीमुळे छाटायची नोटीस आली. विमान तर कितीतरी वरून जातं, मग हा त्रास कशाला? (जयताळा)

वाईट वाटतं खरंच. पण हिशोब समजून घ्या. मोठ्या रनवेच्या टोकापासून 60 मीटर सोडून एक अदृश्य चढण धरतात, दर 50 मीटरला 1 मीटर. म्हणजे पुढे 500 मीटरवर मर्यादा 10 मीटर आणि एक किलोमीटरवर 20. आणि ही उंची रनवेच्या टोकाच्या पातळीपासून, तुमच्या अंगणापासून नाही, अंगण उंचावर असेल तर तेवढं अजून कमी. चिंच आरामात 18-20 मीटर जाते. विमान रोज वरूनच जातं, पण इंजिन बंद पडलं किंवा धुकं असलं तर खाली येतं, ती जागा त्याच्यासाठी ठेवलेली. यासाठी 1994 चे वेगळे नियमच आहेत आणि त्यांच्या नावातच इमारतींबरोबर झाडं आहेत.

पण नोटीस आली म्हणून उद्याच कुऱ्हाड घेऊन उभे राहू नका. 1975 च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागतेच. आधी लेखी मागा की माझ्या झाडाची उंची किती मोजली आणि किती चालते. अनेकदा शेंडा उतरवून भागतं, फक्त चालते त्याच्याही दीड-दोन मीटर खाली घ्या, म्हणजे दर पावसाळ्यानंतर माणूस चढवायला नको.

प्रश्न : आमची सोसायटी एअरपोर्टच्या भिंतीपासून जवळच. कंपाउंडला कोणती झाडं लावू? (सोमलवाडा)

वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, तुती नको, फळं धरली की मैना, पोपट आणि रात्री वटवाघळं. सुबाभूळ तर अजिबात नको, एक लावली की पुढच्या वर्षी दहा. बोगनवेल, जास्वंद, डबल तगर लावा, कण्हेर लहान मुलं नसतील तरच, विषारी असते ती. आणि कचऱ्याचा डबा झाकून ठेवा, विमानतळाच्या 10 किलोमीटरच्या आत पाखरं गोळा होतील असा कचरा उघड्यावर टाकायला 1937 च्या एअरक्राफ्ट रूल्सच्या नियम 91 मध्ये मनाई आहे, हे आपल्याकडच्या निम्म्या चिकनवाल्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. तगरीची रोपं जून-जुलैत लावा, पूजेच्या फुलांचीही सोय होईल.