उकाड्यात झोप उडते तेव्हा

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा 42-43 अंशांवर गेला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो : झोप लागत नाही, डोक्यात काही बिघाड तर झाला नसेल ना? पूर्व भागातल्या टॉवेल कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) हीच भीती घेऊन आले होते. "मॅडम, आमच्या मामांचं असंच जागरणापासून सुरू झालं आणि पुढं कायतर वेगळंच झालं," असे ते म्हणाले.

ते दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली झोपत, धूळ येते म्हणून खिडकी लावून कूलर चालवत आणि अंथरुणावर पडण्याआधी बर्फाच्या पाण्याने आंघोळ करीत.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात तापमान सांभाळणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या चेतापेशी शेजारी-शेजारी असतात. काही तर दोन्ही कामे करतात. झोपेच्या वेळी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून आतली उष्णता बाहेर टाकतात, शरीराच्या आतले तापमान रात्रीतून साधारण एका अंशाने उतरते आणि ही उतरण सुरू होताना डोळा लागतो. खोलीतली हवाच अंगाइतकी तापलेली असली तर घाम वाळणे एवढाच मार्ग उरतो, आणि बंद खोलीत कूलरमुळे हवा दमट होऊन तोही अडतो. बर्फाच्या पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आक्रसतात. वरून गार वाटते, पण आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो.

म्हणजे बिघाड मेंदूत नव्हता, खोलीत होता. मात्र मामांच्या आठवणीने ते रात्री सारखे घड्याळ पाहत, त्या धास्तीने झोप आणखी लांबे. आमचा बराचसा वेळ या भीतीवरच बोलण्यात गेला, आणि माझ्या मते तोच खरा उपचार होता. बाकीचे साधे होते : झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ, कूलर चालू असताना खिडकी उघडी, घड्याळ नजरेआड, आणि झोप येईना तर कूस बदलत न पडता उठून बसायचे.

शेजाऱ्याने दिलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र मी त्यांना डॉक्टरांना दाखवायला लावल्या आणि थायरॉईडची तपासणीही सुचवली, कारण गार खोलीतही उकडत राहिले, छातीत धडधडले किंवा वजन उतरले, तर दोष उन्हाळ्यावर ढकलून चालत नाही.