प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर वीर्य बाहेर येत नाही, तेव्हा

वय ६३, निवृत्त शिक्षक. दोन महिन्यांपूर्वी प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन (टीयूआरपी) झालेलं. लघवीची धार सुधारली, रात्री चारदा उठणं थांबलं, तरी चेहरा उतरलेला. बराच वेळ शुगरबद्दल बोलून झाल्यावर खरी गोष्ट बाहेर पडली. "संबंध आला, पण शेवटी काहीच आलं नाही. आता आपलं संपलं." त्या रात्रीपासून त्यांनी अंथरूण वेगळं केलं होतं. पत्नीचा समज झाला की यांना आपल्यात रस उरला नाही.

"काका, ताठरता येते का?" मी विचारलं. येत होती, पहाटेही. "शेवटचा आनंद?" तोही होता. म्हणजे नपुंसकत्वाचा प्रश्नच नव्हता.

वीर्यपतनाच्या वेळी मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं, म्हणून वीर्य पुढे जातं. टीयूआरपीत प्रोस्टेट ग्रंथीचा वाढलेला भाग आतून तासताना हे तोंडही सैल होतं. मग वीर्य मागे मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीतून निघून जातं. दहापैकी सहा-सात जणांना हे होतं. होलेप या लेसर पद्धतीतही तेच. त्याने शरीराला अपाय नाही, पण बहुधा ते कायमचं राहतं. ऑपरेशनच्या संमतीपत्रात हे लिहिलेलं असतं. समजावून सांगायला मात्र कुणाला वेळ नसतो.

ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या आवरणाबाहेरून जातात आणि तासकाम आतून चालतं, त्यामुळे त्या सहसा वाचतात. तरीही ताठरता कमी झाली तर आधी शुगर, बीपी आणि चालू गोळ्या तपासाव्यात. प्रोस्टेट आकसण्यासाठी दिलेल्या फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइडने इच्छा मंदावू शकते. लघवी मोकळी होण्यासाठीच्या टॅमसुलोसिन, सिलोडोसिनने ऑपरेशनशिवायही वीर्य कमी होतं.

काकांच्या खिशात मेडिकलमधून परस्पर आणलेली सिल्डेनाफिल या ताठरतेच्या गोळीची पट्टी निघाली. ती वीर्य पुढे आणत नाही. शिवाय छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ते जवळ बाळगत. या दोन गोळ्या एकत्र आल्या तर बीपी इतकं घसरतं की जिवावर बेतू शकतं. पट्टी तिथेच बाजूला ठेवायला लावली.

पुढच्या खेपेला काकू सोबत होत्या. संबंधानंतरची पहिली लघवी काचेच्या ग्लासात धरून बघायला सांगितलं होतं. ती गढूळ दिसली होती. "एवढंच होतं, तर बोलायचं ना!" काकू म्हणाल्या. त्यांच्या मनात आणखी एक धास्ती होती, आतली जखम उघडेल याची. संबंधासाठी चार ते सहा आठवडे थांबावं लागतं, ते केव्हाच उलटले होते. लघवीतून ताजं रक्त किंवा गाठी आल्या तर डॉक्टरांकडे धाव घ्यायची.

मूल हवं असलेल्या पुरुषाची गोष्ट वेगळी. त्याने ऑपरेशनआधीच सर्जनला तसं सांगावं, वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारावं. ग्रंथी फार मोठी नसेल तर युरोलिफ्ट (ग्रंथी न तासता क्लिपने बाजूला ओढून धरणं) किंवा रेझूममध्ये (वाफेने ग्रंथी आकसवणं) वीर्यपतन बहुतेकदा टिकतं. आणि उलट बाजूने, वीर्य बाहेर येत नाही म्हणून गर्भ राहणारच नाही असंही धरून चालू नये.