सकाळचा साइज दुपारी का सुटतो?

प्रश्न : मी आयटीआय टर्नर. शिरोली एमआयडीसीत सीएनसी लेथवर आठ महिने आहे. सकाळी ५० मिमीचा व्यास बरोबर येतो, जेवणानंतर वीस-वीस मायक्रॉननं (मिलिमीटरच्या हजाराव्या भागानं) वाढतो. सुपरवायझर मलाच बोलतात. माझं काय चुकतं?

उत्तर : मित्रा, हात तुझा चांगला आहे, नोंद कमी पडतेय. इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, धार झिजली की बाहेरचा व्यास वाढतच जातो. मी भोसरीत शिकत होतो तेव्हा आमचे सेटर (मशीन लावून देणारे) दर दहाव्या जॉबला, म्हणजे घडवलेल्या तुकड्याला, मायक्रोमीटर लावायचे आणि आकडा खडूनं मशीनच्या दारावर लिहायचे. दुपारपर्यंत तो रकाना वाचला की इन्सर्ट कधी बदलायचा ते कळायचं. तू वही ठेव, सुपरवायझरांनाही तीच दाखव.

वीस मायक्रॉन वाढला, तर वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलच्या झिजेची दुरुस्ती भरतात तिथे, एक्सला (व्यासाच्या दिशेला) वजा ०.०२ दे. मशीनला फॅनुक कंपनीचं कंट्रोल असेल तर 'इनपुट प्लस'नं दे. नुसतं 'इनपुट' दाबलंस तर आधीची दुरुस्ती पुसली जाते. आणि दशांश चिन्ह! आकडा तोंडानं वाच, मगच बटण दाब. इथे घाई केली तर टूल थेट चकवर, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागावर, जाऊ शकतं.

गरम जॉब मात्र मोजू नकोस. ५० मिमीचं पोलाद २० अंशांनी तापलं तरी सुमारे ११ मायक्रॉन फुगतं. जेवणाच्या सुट्टीत मशीनही थंडावतं, म्हणून परतल्यावर पहिला जॉब मोजल्याशिवाय दुसरा लावू नकोस.