वाचक विचारतात: यशवंतरावांचा एक निर्णय पडद्यावर आणायचा आहे

प्रश्न: यशवंतराव चव्हाणांच्या युद्धकाळातल्या निर्णयांवर आमचं मंडळ वीस मिनिटांचा माहितीपट करतंय. १९६२ ते १९६६ सगळं घ्यावं की एकच प्रसंग? (खानापूर)

एकच घ्या. चार वर्षं वीस मिनिटांत कोंबली की नुसत्या तारखा पळतात. शिवाय १९६२च्या लढाईतले निर्णय चव्हाणांचे नाहीतच. त्यांनी २१ नोव्हेंबरला संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली तोवर चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली होती. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ हे वाक्यही वगळा, ते ऐकून प्रेक्षक पुढचं सगळं ओळखतो.

१ सप्टेंबर १९६५ हा दिवस पुरेसा आहे. पहाटे पाकिस्तानने जम्मूतल्या छांब भागात रणगाड्यांनिशी चढाई केली. रोख अखनूरच्या पुलाकडे होता, कारण तो गेला तर राजौरी-पूंछकडची रसद तुटते. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी हवाई मदत मागितली. हवाईदलप्रमुख अर्जन सिंग हजर होते. चव्हाणांनी लगेच होकार दिला आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास व्हॅम्पायर विमानं पठाणकोटहून निघालेली होती.

पटकथेआधी तीन रकान्यांचा तक्ता करा: वेळ, आघाडीवर काय घडलं, दिल्लीत तोवर काय कळलं. तिसरा रकाना भरताना घाम फुटेल, पण माहितीपट उभा राहतो तो त्याच्यावरच. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली हे आपल्याला आज माहीत आहे. ते आधी सांगून मग होकार दाखवला, तर मंत्री उतावळा वाटतो. नुकसान गाळलं, तर आरती होते. म्हणून क्रम घड्याळाचा ठेवा: मागणी, हातात उरलेला उजेड, होकार, मग नुकसान. ही जुनी विमानं का पाठवली, हा प्रश्न निवेदनातच विचारा. तुम्ही टाळलात तरी प्रेक्षकांतला एखादा निवृत्त सुभेदार विचारणारच. आणि ६ सप्टेंबरला लाहोरच्या बाजूने सरहद्द ओलांडण्याचा निर्णय शास्त्रीजींच्या सरकारचा होता, तो एकट्या चव्हाणांच्या नावावर लावू नका.

प्रश्न: त्या काळची चित्रफीत आणि कागदपत्रं मिळतील का? वापरायला परवानगी लागते? (बेळगाव)

वृत्तपट सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे. ती संस्था आणि पुण्याचं चित्रपट संग्रहालय २०२२पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात आले आहेत, तेव्हा पत्रव्यवहार तिकडे करा. कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६५च्या वृत्तपटांचा ३१ डिसेंबर २०२५पर्यंत, ताश्कंद कराराच्या (१० जानेवारी १९६६) वृत्तपटांचा त्याहून एक वर्ष जास्त. हक्क संपला तरी चांगली प्रत फुकट मिळेलच असं नाही. दर मिनिटाप्रमाणे विचारा आणि लागेल तेवढंच मागा.

चव्हाणांची १९६५ची दैनंदिनी त्यांचे तेव्हाचे सचिव राम प्रधान यांनी प्रसिद्ध केली. लेखकाच्या मृत्यूनंतर छापलेल्या मजकुराची ६० वर्षं छपाईपासून मोजतात, त्यामुळे पानंच्या पानं वाचून दाखवायची तर प्रकाशकाची लेखी परवानगी हवी.

सरकारी कागदपत्रांसाठी केंद्राकडे माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. मात्र कायद्यात भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा अशी आहे. आपल्या बेळगाव भागात ती कन्नड. मराठीत लिहिलेला अर्ज परत आला तर महिना वाया जाईल. इंग्रजीत किंवा हिंदीत करा.

एक नेहमीची फजिती: १९७१ची दृश्यं १९६५ म्हणून खपवली जातात. रणगाडा विजयंता दिसला की दृश्य १९६५चं नाही. जुनी फीत रुंद पडद्याभर ताणूही नका, शास्त्रीजी जाडे दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.

प्रश्न: मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राजवळ चित्रीकरण करता येईल? कन्नड उपशीर्षकं कशी द्यावीत? (निपाणी)

छावणी भागात लष्कराच्या लेखी परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. ड्रोनचा विचार सोडाच, बेळगावजवळ सांबऱ्याला हवाईदलाचं ठाणं आहे.

१९६५ला विशीत असलेले जवान आज ऐंशीच्या पुढे आहेत. मुलाखत सकाळी, घरीच घ्या, पंखा बंद ठेवून. छोटा माइक कॉलरला लावा. ‘निर्णय बरोबर होता का?’ असं विचारू नका. त्या दिवशी तुमची पलटण कुठे होती, आदेश कधी आला, हे विचारा. दिल्लीतलं त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. सांगितलंच तर ते नंतर वाचलेलं असतं.

उपशीर्षकं एका वेळी दोनच ओळी, आणि युनिकोडमध्येच टंकलिखित करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर संकलनात गेला की जोडाक्षरं फुटतात. सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर कन्नडमधले ओत्तक्षर (अक्षराखाली जोडलं जाणारं व्यंजन) सुटे पडतात. छापण्याआधी कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून एकदा नजर फिरवून घ्या. आपल्याला चूक दिसत नाही, त्याला पहिल्याच ओळीत दिसते.